कोमट पाणी

“पाणी कोमट घे, किकुमारु. उकळतं नको, गार नको. आधी चेहरा, मग दात, केस सगळ्यांत शेवटी. आणि हात थरथरू देऊ नकोस. ज्याचं शीर असतं ना, त्याला ते कळतं.”

शिनो माईचा आवाज. तोगावा नोरिताका आता मोठ्या फौजेचा सेनापती होता. किकुमारु या लहानपणच्या नावाने त्याला हाक मारणारं माणूस जगात एकच उरलं होतं. आणि त्याच माणसाच्या मुलाचं शीर आज आपल्यापुढे यावं म्हणून तो सकाळपासून छावणीच्या पडद्याआड चिलखत चढवून बसला होता.

माई त्याची सख्खी आई नव्हे. ती शत्रूची, इवासे गेम्बाची आई. नोरिताका दुधाचे दात पडायच्या वयाचा होता तेव्हा त्याच्या वडिलांनी इवाशांशी तह केला आणि हमी म्हणून आपला थोरला मुलगा त्यांच्या घरी ओलीस ठेवला. ओलिसाचं जिणं म्हणजे परक्याच्या चुलीवरचा भात. तिकडे बापाचं पाऊल वाकडं पडलं की इकडे मुलाची मान जायची. पण माईने दोन वाट्यांत कधी फरक केला नाही. गेम्बाच्या भातावर मुळ्याचं लोणचं पडलं की याच्याही भातावर पडे. गेम्बाला चापट बसली की यालाही बसे, चूक कुणाचीही असो.

लढाई झाली की त्या घरात शिरं येत. ती शत्रूची असत, पण त्यांची निगा घरच्या बायकांनी करायची. रक्तामातीने माखलेला चेहरा धुवायचा, मोठ्या घरची माणसं दात काळे रंगवत, तसा कोणी असेल तर दातांना दातवण लावून ते पुन्हा काळेभोर करायचे, केसांना तेल लावून गाठ बांधायची आणि गाठीत नावाची लाकडी पट्टी अडकवायची. मगच ते शीर सेनापतीसमोर जाई. माई दोन्ही पोरांना मुद्दाम तिथे बसवून घेई.

“तलवार फिरवायला शिकवणारे शंभर भेटतील,” ती हळू आवाजात सांगे. तिचा आवाज कधी चढत नसे. “फिरवून झाल्यावर काय करायचं ते माझ्याकडून शिका. मेलेला माणूस शत्रू नसतो रे. तो पाहुणा असतो, पुढच्या प्रवासाला निघालेला. त्याला घाणेरड्या तोंडाने वाटेला लावू नये.”

एका हिवाळ्यात नोरिताकाने गेम्बाला डिवचलं. मोहिमेसाठी सुकवलेले चेस्टनट म्हणजे दगडच. “दाताने फोडून दाखव, मग तू खरा इवासे!” गेम्बाने फोडला. चेस्टनट फुटला आणि वरचा पुढचा दातही तिरका, अर्धा तुटला. रडत, ओरडत, आणि मध्येच जिंकलो म्हणून हसत तो धूम आईकडे पळाला. माईने त्याचा ओठ वर करून बघितलं.

“बरं झालं,” ती म्हणाली. “आता हजार शिरांतून तुझं शीर मला ओळखता येईल.”

तिघंही पोट धरून हसली होती. त्या घरात असे विनोद चालत.

पुढे नोरिताकाचे वडील वारले आणि त्याला आपल्या घरी परतायची मोकळीक मिळाली. निघायच्या दिवशी माईने दोघांना ओसरीवर बसवलं.

“आज एका भांड्यातलं खाताय, उद्या समोरासमोर उभे राहाल. काळच तसा आहे. मी नको म्हणून तो थोडाच थांबणारे? पण मला एक वचन द्या. दोघांतला जो पडेल, त्याला दुसऱ्याने स्वतःच्या हाताने धुवायचं. परक्याचा हात लागता कामा नये. आणि माझ्याकडे आणून द्यायचं. दोघंही माझेच आहात, कोणीही आलं तरी माझंच येणार.”

मग तिने आपला काशाचा आरसा पुढे धरला. पोरांनी आपापल्या तलवारीच्या मुठीजवळची लोखंडी चकती त्यावर टणकन आपटली. धातूवर धातू वाजला की शब्द पक्का. तो आवाज मागे घेता येत नाही.

*

आणि तरीही गेम्बाने ते केलं.

नोरिताकाचा धाकटा भाऊ हिसानोबु साबा नदीच्या उतारावरचं एक छोटं ठाणं सांभाळत होता. गेम्बाने वेढा घातला. आत जवाचा दाणाही उरला नाही, तेव्हा गेम्बाने देवळाच्या पवित्र कागदावर शपथ लिहिली, दोन्ही फौजांच्या देखत तो कागद जाळला, राख पाण्यात कालवली आणि ते पाणी घटाघट प्यायला. दार उघडा, एकाच्याही केसाला धक्का लागणार नाही. हिसानोबु तरुण होता, देवाला मानणारा होता. समोरचा माणूसही देवाला मानतो असं त्याला वाटलं. त्याने दार उघडलं.

नोरिताका पोहोचला तोवर कावळे पोहोचले होते.

भाऊ मारला गेला, हे दुःख होतंच. पण लढवय्याच्या घरात मरण काही नवं नसतं, ते रोजच्या भातासारखं. नोरिताकाच्या काळजात जे रुतून बसलं ते वेगळंच होतं. नदीकाठच्या खांबावर हिसानोबुचं शीर होतं, आणि ते धुतलेलं नव्हतं. केस मोकळे, तोंडात चिखल कोंबलेला, नावाची पट्टी नाही. माईने जे हात हातात धरून शिकवले होते, त्या हातांनी हे केलं होतं. न शिकलेल्याने केलं असतं तर एक वेळ सोसलं असतं.

त्याने स्वतः ते शीर खाली उतरवलं. थंडी कडाक्याची, काठावर कोरडं सरपण नाही, म्हणून नदीच्या गार पाण्यानेच धुतलं. दातांमागे गोठलेला चिखल शेवटपर्यंत निघाला नाही.

त्या दिवसापासून नोरिताकाने गरम काही ओठाला लावलं नाही. भात निवल्यावर, वर गार पाणी ओतून खायचा. ऊन केलेली साके दारू नाही, ऊन पाण्याची आंघोळ नाही. “आमच्या धन्यांना स्वयंपाकी नको, बर्फवाला हवा,” असं आचारी पाठीमागे म्हणत. रोज पहाटे तो माळ घेऊन बसे. प्रत्येक मण्याला अमिदा बुद्धाचं नाम, आणि मेरुमणी बोटाला लागला की एकदा गेम्बाचं नाव. एक दिवस चुकला नाही. व्रतच ते, फक्त उलट्या दिशेने चाललेलं. हिसानोबुचा तो खांबही त्याने जपून ठेवला होता आणि सामानाच्या गाडीतून तो प्रत्येक मोहिमेवर बरोबर नेत होता. त्याच काठावर, त्याच खांबावर, तसंच न धुतलेलं शीर. एवढंच त्याला हवं होतं.

काल त्या काठावर इवाशांची फौज फुटली. आज शिरं येत होती.

*

शिरं धुणाऱ्या बायका शेजारच्याच पडद्यामागे बसल्या होत्या. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या तामेचा आवाज नोरिताकाला स्पष्ट ऐकू येत होता.

“काय रे गोरोता, आज कुणाला आणलंस? गेल्या खेपेला आपल्याच आचाऱ्यावर धावून गेला होतास.”

“मावशी, तो धुक्यातून डोक्यावर कढई घेऊन पळत होता! मला वाटलं शिरस्त्राण. आता हे बघ. शिरस्त्राणावर चंद्रकोर. काळा घोडा. नदीत एकटा उभा राहून लढत होता गं, आमचे किती लोक त्याने अडवून धरले. कोणीतरी मोठा आहे. कोण जाणे, खुद्द गेम्बाच असेल.”

“गेम्बा? आणि दात पांढरे?”

“ते... दातवण निघालं असेल धावपळीत.”

“धावपळीत दातवण निघतं? ती काय ओठाची लाली आहे, शिंक आली की पुसायला?”

“मावशी, हळू! बायकोचे दिवस भरत आलेत माझ्या. पांढऱ्या दाताच्या शिराला एक पोतं जव देतात आणि पाठीवर थाप. काळ्या दाताच्या शिराला शेत मिळतं. एक बोट फिरव ना. तुझ्या हाताला काय जड आहे?”

“आण इकडे. मुलगी झाली तर माझं नाव ठेव. आणि देव बघतोय बरं का, तुझ्याकडेही आणि माझ्याकडेही.”

ही लबाडी प्रत्येक छावणीत चाले. सेनापतींना ठाऊक असे, तेही कानाडोळा करत. नोरिताकाने ऐकलं आणि सोडून दिलं. त्याचा जीव त्या खांबात अडकला होता.

सूर्य माथ्यावर आला तेव्हा वृद्ध इनुझुका पडदा सारून आत आला. नोरिताकाच्या वडिलांपासून तो या घराचा चाकर होता आणि त्याचा चेहरा नेहमी आंबट लोणचं चावल्यासारखा असे. आज तो चेहरा ओला होता.

“धनी,” तो म्हणाला, “आलं.”

रीतीप्रमाणे शीर समोर आणलं गेलं. सेनापतीने शिराकडे सरळ बघायचं नसतं. मेलेल्याचा राग नजरेतून आत शिरतो म्हणतात. नोरिताकाने तलवार अर्धी म्यानाबाहेर काढली, मान वळवली आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून फक्त एकदा पाहिलं. रुंद जबडा. भुवईवर जुना व्रण. मिटलेले ओठ, मिटलेले डोळे. डोळे मिटलेले म्हणजे शुभ. गेम्बाला शेवटचं जवळून पाहून बरीच वर्षं झाली होती. तरी हा तोच.

पकडलेल्या एका इवासे मोतद्दाराला पुढे ढकललं. त्याने शिराकडे पाहिलं आणि कपाळ जमिनीला टेकवून हुंदका दिला. “आमचेच धनी,” तो म्हणाला.

फौजेने जयघोष केला. डोंगर दुमदुमला. नोरिताका वाट बघत राहिला, छातीवरचा दगड आता हलेल, मग हलेल. दगड हलला नाही.

“हे धुतलंय कुणी?” त्याने विचारलं.

“सगळीच धुतात, धनी. ओळख पटायच्या आधी कुणाचं कोण हे कसं कळणार?”

“मग पुसा. केस सोडा, तेल काढा, दातवण खरवडून टाका. तोंडात काठावरचा चिखल भरा. मग खांबावर.”

इनुझुकाने तामेला बोलावून घेतलं. तिने हुकूम ऐकला आणि गुडघ्यांवर बसली.

“धनी, माझी मान घ्या, काही हरकत नाही. म्हातारी मान आहे, हिसका दिला तरी तुटेल. पण हे हात धुण्यासाठी आहेत. घाण करण्यासाठी नाहीत.”

“म्हातारे, कुणापुढे बोलतेस!” इनुझुका ओरडला.

“धन्यांपुढेच बोलतेय. त्यांच्या भावाला त्यांनी स्वतः धुतलं तेव्हा नदीवर मी होते. चिंध्या मी पुरवल्या.”

नोरिताका उठला. चिलखताच्या पट्ट्या खडखडल्या. “ठीक आहे,” तो म्हणाला. “ज्याचा सूड त्याने घ्यावा. द्या इकडे.”

*

धुण्याच्या राहुटीत त्याने सगळ्यांना बाहेर काढलं. फक्त तामे कोपऱ्यात बसून राहिली आणि तिला हाकलायचं त्याला सुचलं नाही. तिवईवर शीर होतं. बाजूला ओलं फडकं, कंगवा, दातवणाची लहान मडकी. बादलीतल्या पाण्यावर अजून वाफ होती.

इथे रीत नव्हती, साक्षीदार नव्हते. त्याने सरळ बघितलं.

“ओळखलंस?” तो शिराला म्हणाला. “मी किकुमारु. राखेचं पाणी कसं लागलं रे घशाला?”

त्याने फडकं उचललं, डाव्या अंगठ्याने वरचा ओठ वर केला आणि दातांवर फडकं घासलं.

पहिल्याच घासण्याला काळं फडक्यावर उतरलं. जन्मभर लावलेलं दातवण असं उतरत नाही. ते हाडात मुरतं. याच्याखाली दात शुभ्र होते. आणि पुढचा वरचा दात अख्खा होता. दोन्ही दात अख्खे. एखाद्या धडधाकट शेतकऱ्याचे असावेत तसे, शेजारी शेजारी.

नोरिताकाचा हात तसाच राहिला.

मग त्याला सगळं एकदम दिसलं. चंद्रकोरीचं शिरस्त्राण घालून, धन्याच्या काळ्या घोड्यावर बसून, हा कोण कुठला माणूस नदीत उभा राहिला. मागे खरा गेम्बा डोंगरात शिरेपर्यंत त्याने सगळ्यांना अडवून धरलं. आणि तो मोतद्दार बेमालूम रडला.

त्याच्या तोंडून आवाज फुटणारच होता. पडदा फाडून बाहेर जावं, घोडदळ सोडावं, डोंगर पेटवावा. गेम्बा जिवंत आहे! एवढं मोठ्याने म्हटलं की संध्याकाळपर्यंत पाचशे माणसं झाडाझाडामागे शोधू लागतील. आणि कुणीतरी गोरोता त्याला गाठेल, शेतासाठी मान कापेल, केसांना धरून लोंबकळत आणेल.

परक्याचा हात लागता कामा नये.

माईचा आवाज इतका जवळून आला की त्याने मागे वळून बघितलं. मागे फक्त तामे होती.

“दात पांढरे होते,” तो म्हणाला.

“धनी, चूक झाली. पोराने गयावया केली. त्याला काही करू नका, त्याची बायको...”

“मावशी.” त्याने तिला तसं पहिल्यांदाच म्हटलं. “हे तुझ्या आणि गोरोताच्या तोंडून बाहेर गेलं तर दोघांची मान जाईल. नाही गेलं तर त्याचं शेत त्याला मिळेल. कळलं?”

“कळलं.” थोड्या वेळाने तिच्याने राहवलं नाही. “मग हा कोण हो?”

नोरिताकाने त्या चेहऱ्याकडे पाहिलं. भुवईवरचा व्रण खरा होता. कपाळावर शिरस्त्राणाची कड रुतल्याची खूण होती. ते त्याच्या मापाचं नव्हतं.

“धन्यासाठी मेलेला माणूस,” तो म्हणाला. “माझ्या भावाजवळ असा एक असता तर.”

त्याने फडकं खाली ठेवलं. दुसरं, कोरं फडकं घेतलं, कोमट पाण्यात बुडवलं. इतक्या दिवसांनी बोटांना ऊब लागली आणि बोटं आधी आखडली, मग सैल झाली. त्याने चेहरा पुन्हा पुसला. मग मडकीतलं काळं बोटावर घेतलं आणि एकेक दात नीट रंगवला. शेत मिळवण्यासाठी आता ते रंगवायचे नव्हते. या दातांचा तेवढा मान होता. केस सगळ्यांत शेवटी विंचरले. गाठीतली गेम्बाच्या नावाची पट्टी काढून घेतली आणि तिच्या जागी कोरी पट्टी अडकवली. हात एकदाही थरथरला नाही.

हे करता करता त्याचं मन शांतपणे, एखादा शिकारी वारा कुठून येतोय ते बघतो तसं, चालत होतं. साबा नदीपलीकडच्या टेकडीवर माईची झोपडी होती. नवरा गेल्यावर डोकं भादरून ती तिथे नाम घेत राहत होती. आजचा जयघोष तिने ऐकला असेल. उद्या दवंडी ऐकेल. गेम्बा पडला. ती वात लावून बसेल, काही न खाता. आणि डोंगरात लपलेला गेम्बाही ती दवंडी ऐकेल.

त्याने शपथ मोडली होती, भाऊ मारला होता, देवाला फसवलं होतं. पण आईला रडत ठेवून तो पळणार नाही. दात तुटला तेव्हा तो वैद्याकडे नाही पळाला, आईकडेच पळाला होता.

*

संध्याकाळी नोरिताकाने सगळ्यांसमोर सांगितलं, “गेम्बा मेला. दोन्ही काठांवर दवंडी द्या, ढोल वाजवून द्या. शीर खांबावर लागणार नाही. मी ते स्वतः त्याच्या आईला नेऊन देणार आहे. तसं वचन आहे.”

लोक चुळबुळले. “बर्फ वितळला म्हणायचा,” कुणीतरी मागून पुटपुटलं. इनुझुकाला राहवलं नाही.

“धनी, आम्ही तो खांब किती मोहिमा वाहून नेला ठाऊक आहे? बैल मेला एक त्यापायी. आणि आज ऐन वेळी तुम्हाला माया फुटली?”

“खांब जाळून टाक. थंडी आहे, लोकांना शेक मिळेल.”

“आणि हिसानोबु धाकटे धनी? त्यांना काय सांगायचं?”

“हिसानोबुला मी सांगेन,” नोरिताका म्हणाला. “मान त्याला द्यायची आहे, इनुझुका. चिखल नाही. चिखल भरला तर माझ्यात आणि त्या राख पिणाऱ्यात फरक काय राहिला? शिकलो एकाच माईकडे आम्ही.”

इनुझुकाला त्यातलं अर्धंच कळलं आणि त्याने लोणचं चावल्यासारखं तोंड केलं.

फौजेबरोबर फिरणाऱ्या साधूला बोलावून, उजेड आहे तोवर, नदीकाठच्या एका पाइनखाली त्या अनोळखी माणसाला पुरलं. साधूने कोरी पट्टी पाहिली, सेनापतीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. मेलेल्याची बाजू विचारायची नाही हा त्याचा धर्म होता. त्याने दहा वेळा नाम घेतलं. तामेने शेजारी भाताचा गोळा ठेवला. पलीकडून ढोल वाजत होते आणि दवंडीवाला घसा ताणून सांगत होता, गेम्बा पडला हो, इवासे गेम्बा पडला. तो आवाज पाण्यावरून टेकडीकडे जात होता.

सकाळी नदीवर दाट धुकं होतं. नोरिताकाने चिलखत घातलं नाही. जाडाभरडा अंगरखा, गवती चपला, कमरेला तलवार. आचाऱ्याने सवयीने निवलेल्या भाताची वाटी आणली, ती त्याने परत पाठवली. माळ घेऊन तो जरा बसला. सगळे मणी बोटांतून गेले. मेरुमणी आला, तेव्हा त्याने तो नुसता अंगठ्याने दाबून धरला आणि उठला.

शीर नेण्याची झाकणाची गोल लाकडी पेटी त्याने निळ्या कापडात बांधून ठेवली होती. ती त्याच्या पाठीवर चढवायला इनुझुका पुढे झाला. म्हाताऱ्याने पेटी उचलली आणि तो थबकला. आयुष्यभर त्याने अशा पेट्या उचलल्या होत्या. त्यांचं वजन त्याच्या हातांना पाठ होतं. ही त्या मानाने फारच हलकी होती.

त्याने धन्याकडे पाहिलं. मग पाइनखालच्या ताज्या मातीकडे. मग टेकडीकडे, जिथे धुक्यात एक बारीकसा दिवा लुकलुकत होता.

“अरे देवा,” तो हळूच म्हणाला. “दवंडी म्हणजे...”

“हळू बोल.”

“मी येतो बरोबर.”

“नको. शब्द मी दिलाय.”

इनुझुकाने पेटी त्याच्या पाठीवर नीट बसवली, गाठ छातीवर घट्ट केली. त्याची बोटं गाठीवर जरा जास्तच वेळ राहिली. मग घसा खाकरून, जणू रोजच्या प्रवासाची तयारी करून देतोय अशा आवाजात, त्याने विचारलं, “सगळं घेतलंत? कंगवा?”

“पेटीत आहे.”

“तेल? दातवणाची मडकी? कोरी फडकी?”

“आहेत.”

“आणि पाणी, धनी? एवढ्या थंडीत वर टेकडीवर...”

“कोमट पाणी माईकडे असतं,” नोरिताका म्हणाला. “चुलीच्या कडेला. ती नेहमीच ठेवते.”

त्याने तलवारीच्या चकतीवर बोट ठेवलं, ती वाजू नये म्हणून, आणि उताराच्या दगडांवर पाय जपून टाकत तो नदीत उतरला.